बंद की बंतू

आमच्या घरात खाकी गणवेश दोन आणि ते वाळत घालायची दोरी एक. अप्पा पोलिसात हेड कॉन्स्टेबल होते आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे चिकप्पा, अग्निशमन दलात. दोरीवर ते दोन शर्ट सारखेच दिसायचे, पण धुणाऱ्या बाईला ते डोळे मिटून ओळखता येत. अप्पांच्या शर्टाला घामाचा, ठाण्यातल्या जुन्या कागदांचा आणि दुसऱ्यांनी ओढलेल्या विड्यांचा वास यायचा. चिकप्पांच्या शर्टाला जळक्याचा वास असे आणि तो कितीही साबण लावला तरी जात नसे. चिकम्मा, म्हणजे त्यांची बायको, तो शर्ट बादलीत बुडवण्याआधी नाकाशी धरायची. आज रबर जळलं, आज कापूस, आज लाकडाची वखार, हे तिला वासावरून कळायचं. एकदा असाच वास घेऊन ती मोरीत नुसती बसून राहिली. आईनं तिच्या हातातून शर्ट काढून घेतला आणि स्वतः धुतला. त्या दिवशी काय जळलं होतं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

येलहंक्याच्या जुन्या गावात, देवळामागच्या गल्लीत आमचं घर होतं. आमचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेच्या मागून इकडे आलं आणि परत जायचं विसरलं, असं अप्पा म्हणत. मराठी घरात उरली, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलं होतं की पुण्याचा पाहुणा आला की पहिला दिवस नुसता आमच्या तोंडाकडे बघत बसायचा. बापाच्या धाकट्या भावाला काका म्हणतात हे मला शाळेच्या पुस्तकातून कळलं. आम्हाला चिकप्पा आणि चिकम्माच माहीत. अप्पा चिकप्पांना 'तम्मा' म्हणत, चिकप्पा त्यांना 'अण्णा'. घरात दोघे भाऊ मराठीत बोलत, भांडत, एकमेकांच्या ताटातला पापड पळवत. पण खाकी अंगावर असताना आणि चार लोकांसमोर ते एकमेकांशी कन्नडच बोलत. पोलीस आणि फायरवाला आपसात भलत्याच भाषेत काही शिजवतायत असं लोकांना वाटायला नको, असा त्यामागचा हिशेब होता. माझ्याशी मात्र अप्पा गणवेशात असोत की लुंगीत, मराठीच बोलायचे. मी त्यांची पद्दू होते आणि माझ्यासाठी त्यांच्याकडे दुसरी भाषा नव्हती.

जेवताना दोघांची जुंपायची. ताटात नाचणीचा मुद्दा, म्हणजे उकडीचा गोळा, वर वाफाळता सारू, आणि चिकप्पा म्हणायचे, "अण्णा, तुमचे लोक येतात कधी? सगळं विझल्यावर. वही घेऊन." अप्पा म्हणायचे, "आणि तुमच्या गाडीला वाट कोण करून देतं रे? गर्दीला काठी कोण दाखवतं? नाहीतर तुम्ही बसाल तिकडं हेब्बाळच्या नाक्यावर अडकून घंटा वाजवत." या भांडणातला तिसरा गडी होता महादूमामा. हे निपाणीकडचे. एका धर्मादाय इस्पितळाची अॅम्ब्युलन्स चालवायचे आणि आमच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहायचे. नात्याचे नव्हते, पण पहिल्याच दिवशी आईला 'ताई' म्हणाले आणि आमचे मामा झाले. त्यांचं म्हणणं असं, "तुमी दोघंबी भांडत बसा. शेवटाला माणूस माझ्याच गाडीत पडतोय न्हवं?" यावर सगळे हसत. आई हसायची नाही. ती अशा वेळी उठून चुलीपाशी जायची.

तिघांच्या कामातली खरी अडचण मात्र हसण्यासारखी नव्हती. अप्पांच्या ठाण्याचा वायरलेस सेट आणि चिकप्पांच्या गाडीवरचा सेट एकमेकांना ऐकू येत नसत. दोघांच्या वाटा वेगळ्या. मामांच्या गाडीत तर सेटच नव्हता. दोन खाती एकाच आगीसमोर वीस पावलांवर उभी असली तरी एकानं दुसऱ्याला काही सांगायचं झालं, तर धावत जायचं नाहीतर ओरडायचं. आता म्हणे एकच नंबर फिरवला की तिघंही निघतात. माझी मुलगी मला तो फोनवर दाखवत होती आणि मी तिला म्हटलं, बाई, आमच्याकडे तिघंही एकाच पंगतीला जेवत आणि तरी एकाचं दुसऱ्यापर्यंत पोचत नसे.

आमच्या लहानपणाला आवाज फार होते. हवाई दलाची विमानं डोक्यावरून गेली की डब्यांची झाकणं थरथरत. जंक्शनवर शंटिंग चाले. त्या सगळ्यातून आई आणि चिकम्मा फक्त दोन आवाज वेचून काढत, फायर गाडीची घंटा आणि अॅम्ब्युलन्सचा भोंगा. घंटा वाजली की दोघी हातातलं काम थांबवत. घंटा गेली आणि तिच्यामागून भोंगाही गेला, तर आई माझ्याकडे न बघता म्हणायची, "पद्दू, देवापुढचं निरांजन बघ गं विझलं का." ते कधीच विझलेलं नसायचं. मी जाऊन बघायची, परत येऊन "आहे" म्हणायची. ही भीती आमच्याकडे भाताला मीठ असावं तशी रोजची होती. मी ती कधी वेगळी काढून पाहिलीच नव्हती.

आणि एक आवाज आनंदाचा होता. त्या काळी लोडशेडिंग जोरात होतं. उन्हाळ्यात सकाळी अकराला वीज जायची ती बारा, एक, कधी दोनला यायची. ती आली की सगळ्या गल्लीतून पोरं एका सुरात ओरडायची, "करंट बंतूऽऽ!" म्हणजे करंट आला. म्हातारेसुद्धा पुटपुटायचे, "बंतू, बंतू." मी आज मारतहळ्ळीला अकराव्या मजल्यावर राहते. वीज गेली की श्वास घ्यायच्या आत जनरेटर लागतो आणि कुणीही ओरडत नाही. बरंच आहे ते.

माझी पीयूसीची, म्हणजे बारावीची, परीक्षा झाली होती. रिकामी बसून काय करणार म्हणून अप्पांनी मला टायपिंगला घातलं. बाजारामागच्या एका बोळात, गाद्या आणि फोम विकणाऱ्या दुकानाच्या वर टायपिंगचा वर्ग होता. बाहेरून लोखंडी जिना, वर सहा मशीनं आणि एकटे सर. त्या दिवशी वीज नेहमीसारखी अकराला गेली होती. आम्ही पाच जण घामाघूम होऊन एकच ओळ पुन्हा पुन्हा बडवत होतो. खाली दुकानदाराच्या माणसानं चहासाठी स्टोव्ह पेटवला होता, हे पुढे चौकशीत निघालं. आम्हाला फक्त एक कडू, गोडसर वास आला आणि मग खिडकीतून काळा धूर. सरांनी आम्हाला जिन्यावरून खाली हाकललं आणि स्वतः परत आत गेले, कारण कपाटात आमच्या टायपिंगच्या परीक्षेची हॉल तिकिटं होती. आम्ही खाली पोचलो तोवर दुकानाच्या दारातून ज्वाळा बाहेर आल्या. भिंतीवरून गेलेली विजेची तार जळून तुटली आणि जिन्याच्या कठड्यावर येऊन पडली. सर वरच्या गॅलरीत, तोंडाला रुमाल लावून खोकत उभे. उतरायला तो एकच जिना होता.

फायरची गाडी बोळात शिरेना. चिकप्पा आणि त्यांचे तीन सोबती नळ्या ओढत आले. मामांची अॅम्ब्युलन्स बोळाच्या तोंडाशी लागली. अप्पा दोन शिपायांना घेऊन आले आणि गर्दी मागे रेटू लागले. मला पाहून त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सुटल्यासारखं झालं, पण ते माझ्याजवळ आले नाहीत. चिकप्पांनी जिन्याकडे पाहिलं, तार पाहिली आणि अप्पांना कन्नडमध्ये सांगितलं, की शेडिंगचा काय भरवसा, करंट कधीही येईल, आधी ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज काढून घ्या, मगच मी वर चढतो. ट्रान्सफॉर्मर बोळाच्या दुसऱ्या टोकाला, वळणापलीकडे होता. तिथून जिना दिसत नसे आणि पाण्याच्या पंपाच्या घरघरीत ऐकू तर काहीच येत नसे. वळणावर एका इस्त्रीवाल्याचं दुकान होतं आणि त्याच्या पायरीवर मी उभी होते. अप्पा वीज खात्याच्या वायरमनला घेऊन धावत निघाले होते. माझ्यापाशी ते क्षणभर थांबले.

"पद्दू, इथंच थांब. वायरमननं फ्यूज काढला की मी ओरडतो. करंट बंद म्हटलं की तू चिकप्पाला सांग. समजलं?"

मी मान हलवली. एका बाजूला, लांब, अप्पांची टोपी दिसत होती. दुसऱ्या बाजूला जिन्याच्या पायथ्याशी चिकप्पा, हेल्मेट घातलेले, माझ्याकडे तोंड करून उभे. वर सर खोकत होते. त्यांचा खोकला मध्येच थांबायचा आणि तो थांबला की मला जास्त भीती वाटायची. लवकर म्हणा अप्पा, लवकर म्हणा, असं मी मनात घोकत होते. मला एकच शब्द ऐकायचा होता आणि मी तो ऐकायला इतकी तयार होते की दुसरा कुठला शब्द माझ्या कानात शिरलाच नसता.

अप्पा ओरडले. मी ओरडले, "चिकप्पा, करंट बंद!"

चिकप्पांनी समजल्याचा हात वर केला आणि ते वळले.

अप्पा जे ओरडले ते होतं, "करंट बंतू! मुट्टबेडा!" करंट आला, हात लावू नको. वायरमन खांबावर चढत असतानाच कोपऱ्यावरच्या हॉटेलातला दिवा लागला होता आणि तो अप्पांनी पाहिला होता. ते माझ्याशी बोलतच नव्हते. ते थेट आपल्या भावाला ओरडून सांगत होते, गणवेशातल्या भावाला, म्हणून कन्नडमध्ये. पुढचा शब्द पंपाच्या आवाजात बुडाला आणि आधीचा माझ्यापर्यंत पोचला तो मराठी होऊन.

यापुढचं मी कुणालाही सांगितलं नव्हतं, एका माणसाखेरीज. चिकप्पा वळले, जिन्याकडे चार पावलं चालले, आणि मी ज्या पायरीवर उभी होते त्या दुकानातला पंखा फिरायला लागला. हळू, कुरकुरत. मी तो पाहिला. पंखा फिरतोय म्हणजे करंट आहे, हे मला त्याच क्षणी कळलं. कळलं नव्हतं असं मी पुष्कळ वेळा स्वतःला पटवून पाहिलं, पण ते खोटं आहे. मी तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. एक श्वास गेला, दुसरा गेला. चिकप्पांनी उजव्या हातानं कठडा धरला. मग माझा आवाज फुटला, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

माणूस करंटला चिकटतो तेव्हा ओरडत नाही. चिकप्पा नुसते ताठ झाले. त्यांचं हेल्मेट गडगडत माझ्या दिशेनं आलं. महादूमामा कुठून आले मला दिसलं नाही. त्यांनी मला बाजूला ढकललं, इस्त्रीवाल्याची लाकडी फळी उचलली, वरचे कपडे जमिनीवर सांडले, आणि त्या फळीनं चिकप्पांना कठड्यापासून लोटून पाडलं. त्यांच्या छातीवर बसून ते गुद्दे मारत होते आणि शिव्या देत होते. "ऊठ की रं! ऊठ की!" तेवढ्यात वायरमननं फ्यूज उपटला. दुसरा फायरमन जिन्यावरून वर गेला आणि सरांना खांद्यावर घालून खाली घेऊन आला. सर वाचले, त्यांना फारसं काही झालं नाही. चिकप्पांच्या तोंडून एकदा घरघर आली तेव्हा मामांनी त्यांना स्ट्रेचरवर घेतलं.

अप्पा वळणावर आले तेव्हा स्ट्रेचर गाडीत चढत होतं. त्यांनी भावाचा चेहरा पाहिला. मला वाटलं, ते आता गाडीत बसतील. पण बोळात दोनशे माणसं होती, दुकान अजून पेटलेलं होतं आणि सगळ्या बंदोबस्ताला ते तिघेच. ते अॅम्ब्युलन्सच्या पुढे धावले, काठी आपटत, रिक्षा हटवत, हमरस्त्यापर्यंत. गाडी निघून गेली. मग ते चालत परत आले आणि पुन्हा गर्दीसमोर उभे राहिले. संध्याकाळपर्यंत त्यांनी पंचनामा लिहिला. ज्याचा भाऊ इस्पितळात मरतोय की जगतोय हे माहीत नाही, त्यानं जळलेल्या गाद्या मोजल्या.

घरी आल्यावर त्यांनी मला मागच्या अंगणात नेलं. "काय ऐकलंस तू?"

"करंट बंद."

ते धुण्याच्या दगडावर बसले. बराच वेळ त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "मी 'बंतू' म्हणालो होतो, पद्दू. हे कुणाशी बोलायचं नाही. आईशी पण नाही. समजलं?" पंख्याबद्दल मी त्यांना काही सांगितलं नाही.

चिकप्पा शुद्धीवर यायला तीन दिवस लागले आणि धोका टळला असं डॉक्टरांनी म्हणायला आणखी आठ. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. त्या दिवसांत चिकम्मा दुपारी इस्पितळातून यायची, दोन घास खायची आणि मला समोर बसवून माझी वेणी घालायची. हाताला चाळा हवा म्हणून, बोलायला कुणी हवं म्हणून. माझ्या केसांत तेल चोळता चोळता ती म्हणायची, "कुणी सांगितलं गं यांना करंट गेला म्हणून? ज्यानं सांगितलं त्याच्या जिभेला किडे पडोत." तिची बोटं माझ्या डोक्यावरून अगदी हळुवार फिरायची. मी श्वास रोखून बसायची. वाटायचं, हिला टाळूतूनच कळेल. रात्री मी जीभ दातांनी चाचपून बघायची. हसू नका, सतरा वर्षांची घोडी होते मी, पण खरंच बघायची.

तिकडे दोन्ही खात्यांत जुंपली. फायरवाले म्हणाले, पोलिसांनी चुकीचा निरोप दिला आणि आमचा माणूस मरता मरता वाचला. पोलीस म्हणाले, तुमचा माणूस निरोपाची वाट न बघता घुसला. चौकशी लागली. एका संध्याकाळी मामा इस्पितळातून आले आणि पायरीवर बसले. आत अप्पा जेवत होते. मामा हळू आवाजात मला म्हणाले, "पद्दू, दोघंबी खोटं बोलालेत गं."

"कोण?"

"तुझा चिकप्पा. पडल्या पडल्या जबानी दिली, की मला कुणी कायबी सांगितलं न्हाई, मीच घाई केली. आणि तुझ्या अप्पानं लिहून दिलंय, मीच चुकून करंट बंद म्हणून ओरडलो. आता दोन कागदांचं जुळंना. साहेब म्हणतोय, दोघं भाऊभाऊ, कायतरी लपवालेत. एकानं घाई केली म्हटलं तर त्याची नोकरी जातीया, दुसऱ्यानं चूक केली म्हटलं तर त्याची." त्यांनी आत अप्पांकडे एकदा पाहून घेतलं. "मी गाडीपाशी हुतो. तुझा आवाज म्या या कानानं ऐकलाय. मी सांगणार न्हाई, आईची आन. पण उद्या दहाला दोघा साहेबांनी तुझ्या अप्पाला बोलावलंय."

ती रात्र मी कशी काढली ते लिहीत नाही. सकाळी अप्पांनी बूट घातले आणि मी चप्पल घालून त्यांच्या मागे निघाले. कोपऱ्यावर त्यांनी वळून पाहिलं. "कुठं?" मी म्हटलं, "तुमच्याबरोबर." ते थांबले, माझ्याकडे पाहत राहिले, आणि "घरी जा" असं म्हणालेच नाहीत. आम्ही फायर स्टेशनपर्यंत चालत गेलो.

आत एका टेबलामागे दोघे साहेब बसले होते, पोलिसांचा एक, फायरचा एक. दोघांमध्ये एकच फाईल होती आणि दोघांचाही हात तिच्यावर. अप्पांनी सॅल्यूट केला. ते बोलायच्या आधीच मी म्हणाले, "सार, मी सांगितलं. अप्पा 'बंतू' म्हणाले. मी 'बंद' ऐकलं. आमच्या भाषेत बंद म्हणजे करंट गेला." एवढंच बोलले आणि मला रडू कोसळलं. पोलीस साहेब कपाळाला आठ्या घालून अप्पांकडे बघू लागले. फायरच्या साहेबांनी मात्र मला खुर्चीवर बसवलं आणि कन्नडमध्ये विचारलं, "परत म्हण बघू. दोन्ही शब्द." मी म्हटले. त्यांनी डोळे मिटले आणि स्वतःशीच म्हणून पाहिले, बंद, बंतू, बंद, बंतू. मग ते दुसऱ्या साहेबांना म्हणाले, "आपले सेट एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून एका शाळकरी पोरीनं निरोप पोचवायचा, आणि आपण इथं बसून एकमेकांवर कागद लिहायचे." पोलीस साहेब "सरी", म्हणजे बरोबर आहे, असं म्हणाले आणि त्यांनी फाईलवरचा हात काढून घेतला.

कागदावर माझं नाव आलं नाही. 'निरोप ऐकण्यात गफलत' असं लिहिलं गेलं. बाहेरच्या मुलीला कामाला लावलं म्हणून अप्पांना लेखी ताकीद मिळाली आणि चिकप्पांची जखम कामावरची धरली गेली, त्यांची नोकरी राहिली. त्या दिवसापासून आमच्या भागात दोन्ही खात्यांनी विजेबद्दल 'बंद' हा शब्द टाकून दिला. करंट असला तर 'इदे', नसला तर 'इल्ला'. आहे आणि नाही. परतताना अप्पा रस्त्यात थांबले आणि म्हणाले, "मी तुला मुलगी म्हणून उभं केलं तिथं. आणि ओरडलो मात्र पोलिसासारखा. चूक माझी आहे, पद्दू." त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्या क्षणी पंख्याचं सांगायला हवं होतं. पण ते इतके हलके झालेले दिसत होते की मी सांगितलं नाही.

अप्पांनी आईला सांगितलं आणि आईनं चिकम्माला. ती माझ्याशी भांडली नाही. वेणी घालायची मात्र थांबली. मी फणी घेऊन पुढे बसले की ती उठून भात बघायला जायची. मी माझी वेणी वाकडीतिकडी घालायला शिकले. पुढे ती पुन्हा बोलू लागली, माझ्या लग्नात माझ्यापेक्षा जास्त रडली, पण माझ्या केसांना तिनं पुन्हा हात लावला नाही. मला तिचा राग कधीच आला नाही.

चिकप्पा महिन्यानं घरी आले, निम्म्यानं कमी होऊन. उजवा हात बांधलेला, म्हणून त्यांना भरवावं लागे. एका दुपारी आई आणि चिकम्मा बाजारात गेल्या होत्या आणि भरवायची पाळी माझी होती. आईनं कैरीचं चित्रान्न, म्हणजे फोडणीचा भात, करून ठेवलं होतं. मी ताट घेऊन त्यांच्यासमोर बसले, दोन घास दिले आणि तिसऱ्याला माझा हात थांबला.

"चिकप्पा, मला पंखा दिसला होता."

"कसला पंखा?"

मी सगळं सांगितलं. इस्त्रीवाल्याचा पंखा, तो फिरायला लागला ते, माझा आवाज न फुटणं, ते दोन श्वास. सांगताना मी ताटाकडे बघत होते. सांगून झालं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. वरून विमान गेलं, डबे थरथरले, पुन्हा शांत झालं. मला वाटलं, आता हे मला उठून जा म्हणतील आणि पुन्हा कधी माझ्याशी बोलणार नाहीत. इतकी भीती मला बोळातसुद्धा वाटली नव्हती.

"आणखी कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"अण्णाला सांगू नको. त्याला सहन होणार नाही." ते वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण हसूही नव्हतं. डावा हात त्यांनी माझ्यासमोर धरला आणि उलटा केला. "हे बघ. लोखंडाला हात लावायच्या आधी असा, उलटा, टेकवून बघायचा. तळहात करंटला चिकटतो, उलटा हात झटकला जातो. पहिल्या आठवड्यात शिकवतात आम्हाला हे. पंधरा वर्षं मी असंच करत आलो. साहेबानं सांगू दे, वायरमननं सांगू दे, अण्णानं ओरडून सांगू दे, उलटा हात टेकवल्याशिवाय मी कशाला धरलं नाही."

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी तू सांगितलंस ना," ते म्हणाले. "म्हणून नाही बघितलं."

मग त्यांनी घासासाठी तोंड उघडलं, आणि मी घास दिला.